नातीचे ब्रेक पॅड

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने इथे काही लिहिता आलं नाही. आता डोळा बरा आहे. डॉक्टरांनी रोज थोडं वाचायला-लिहायला परवानगी दिली आहे, म्हणून पुन्हा बसले.

आजचा विषय वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. चौतीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या आणि त्यांच्या तासाला मला पाठवलं, की "शांत वाचन करा" म्हणून वेळ मारून न्यायची. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर मोटारीच्या ब्रेक पॅडवर लेख! पण गोष्ट घरातली आहे, आणि ती जिथपर्यंत गेली तिथपर्यंत जाईल असं मलाही वाटलं नव्हतं.

तर झालं असं. माझी थोरली नात पुण्यात नोकरी करते. तिच्याकडे स्वतःच्या पगारातून घेतलेली छोटी गाडी आहे. रोज ऑफिसला जायची तीच, आणि सणासुदीला टेंभुर्णी-बार्शीवरून धाराशिवला यायची तीच. मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर ती ही गाडी घेऊन थेट कोइमतूरला गेली. तिथे चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे, सुमारे दोन किलोमीटरचा, २००३ साली सुरू झालेला. एस. करिवर्धन म्हणून तिकडचे शर्यतीच्या गाड्या बांधणारे गृहस्थ होते, ते १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. ट्रॅकला त्यांचं नाव दिलं आहे. अशा ट्रॅकवर काही वेळा हौशी माणसांना आपापली घरची गाडी चालवू देतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी काय करते, आपण काय करतो ते बघायचं.

माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, हे अजिबात मंजूर नव्हतं. दिवाळीत ती घरी आली तेव्हा तो मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आई, तुझं ऐकते ती. तू सांग. परत जाते म्हणतेय." मी हो म्हटलं. सांगायचंच असं ठरवून रात्री तिच्याशेजारी अंथरूण घातलं.

पण तीच आधी बोलली. "आज्जी, बाबांना सांगू नकोस. मागच्या वेळी पाचव्या फेरीत ब्रेकचं पॅडल मऊ पडलं. पाय थेट खालपर्यंत गेला. मी भराभर दोन-तीनदा दाबलं, गिअर उतरवले, तेव्हा गाडी हळू झाली. मग कडेने कडेने बाहेर आणली."

अंधारात मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने म्हटलं, "का पडलं मऊ? मी विद्यार्थी आहे असं समज आणि मला सांग."

ती उठून बसली. दिवा लावला. माझ्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली, आणि मग रात्री दीडपर्यंत आमची शाळा भरली.

ती म्हणाली, ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण तो खरं तर वेगाची उष्णता करतो. माणसासकट अकराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर त्या एका थांबण्यात जेवढी उष्णता निघते तिच्यात साधारण सव्वा लिटर पाणी उकळेल. मी म्हटलं, म्हणजे आठ-दहा कप चहाचं आधण! ती हसली. "हो. आणि वेग दुप्पट झाला की चहा दुप्पट नाही, चौपट." रस्त्यावर असा कडक ब्रेक आपण दिवसातून एखादा लावतो आणि मग चाकांना गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर दीड मिनिटाच्या फेरीत चार वेळा लावायचा, आणि लगेच पुढची फेरी. चुलीवरून भांडं उतरवायचंच नाही, असं ते.

ही उष्णता कुठे जाते? चाकात एक लोखंडी तबकडी फिरत असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात ते पॅड. पॅड साध्या रस्त्यासाठी केलेला असेल तर तीनशे-चारशे अंश तापमान झालं की त्यातला बांधणारा पदार्थ जळू लागतो. त्याचा वायू होतो, आणि पॅड धरायच्या ऐवजी घसरतो. अशा वेळी पॅडल टणक लागतं, पाय दाबत राहतो, पण गाडी धरत नाही.

दुसरा प्रकार तेलाचा. पायाचा जोर चाकापर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. बाजारात डॉट ३ नावाचं मिळतं, ते नवं असताना किमान २०५ अंशाला उकळावं असा नियम आहे. पण ओल शोषली की त्याची हमी १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय थेट खाली जातो. नातीच्या गाडीतलं तेल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. तिचं पॅडल मऊ पडलं ते तेलामुळे. "आणि पॅडही जळाले होते," म्हणत तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने पॅड काढले. कडा राखेसारख्या पांढुरक्या झालेल्या, आणि बोट लावलं की भुगा पडत होता. माझ्या हाताला काळं लागलं.

मला हे दोन शब्द लक्षात राहिले. मऊ पॅडल आणि टणक पॅडल. ते का राहिले ते पुढे सांगते.

आता पॅड कुठले घ्यायचे, हा तिचा खरा प्रश्न होता. तिने वहीत तीन रकाने आखले. पहिला, गाडीबरोबर येतात तसलेच. स्वस्त, शांत, गार असताना लगेच धरणारे, पण ट्रॅकवर टिकत नाहीत. तिसरा रकाना खास शर्यतीच्या पॅडचा. ते सहाशे-सातशे अंशांपर्यंत डगमगत नाहीत, पण गार असताना नीट धरतच नाहीत, किंकाळ्या मारतात आणि डिस्क खरवडून खातात. मधला रकाना दोन्ही जमेल तितकं करणाऱ्या पॅडचा.

मी मास्तरीण, त्यामुळे मला वाटलं, घ्यायचं तर सगळ्यात वरचं घ्यावं! पुढे हाच तर धोका, असं तिने समजावलं. "आज्जी, ही गाडी ट्रॅकवर मोजून तासभर चालणार. तिथे जायला-यायला हजार-बाराशे किलोमीटर एका बाजूला. सकाळी हॉटेलातून गार गाडी काढली आणि समोर गाय आली तर? पुण्यात पावसात सिग्नलला कुणी आडवा आला तर? शर्यतीचा पॅड तेव्हा तापलेलाच नसणार."

पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, हेही तिने दाखवलं. पहिलं अक्षर गारपणी किती धरतो त्याचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे कमी, एफ म्हणजे मध्यम, जी म्हणजे जास्त. मी म्हटलं, मग जीजी घे. ती म्हणाली, ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्याच्या चाचणीची असतात. किती वेळ तापवलं तरी टिकेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय पॅड कितीही चांगला असला तरी टायर रस्त्याला जेवढा धरतो त्याच्यापेक्षा लवकर गाडी थांबत नाही. साधा पॅडही एकदा गाडी नीट थांबवतो. चांगला पॅड दहाव्यांदाही तशीच थांबवतो, फरक तो आहे.

हे मला फार पटलं. वर्गातही पहिल्या दिवशी दरारा कुणालाही दाखवता येतो. मार्चमध्ये काय उरतं ते बघायचं :)

आणखी एक गोष्ट मी विचारली, की मागच्या चाकांना का नाही बदलत? तिच्या गाडीला मागे डिस्क नाही, जुन्या पद्धतीचे ड्रम आहेत. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. मागे जास्त धरणारं काही बसवलं तर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून पुढे मधल्या रकान्यातले पॅड, मागे कंपनीचेच लायनर, आणि तेल नवं डॉट ४. शिवाय डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्याखाली झिजली असेल तर आधी डिस्क बदलायची. एवढं ठरलं. खर्च माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या पाव हिश्शाएवढा होता. मी म्हटलं, तो मी देते. "आज्जी, तू मला थांबवायला आली होतीस ना?" मी म्हटलं, "मग! थांबवायचेच पैसे देतेय."

दुसऱ्या दिवशी मी या विषयावर आणखी वाचलं, आणि त्यात इतिहास सापडल्यावर मला माझा तास मिळाला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. शंभरेक किलोमीटर. नवऱ्याला न सांगता! उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा तिने वाटेत एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात इथून झाली असं सांगतात. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डार्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड याने याच कामाचा धंदा उभा केला. डोंगराळ भागातले शेतकरी उतारावर गाडी आवरायला ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं मारतात, हे त्याने पाहिलं होतं म्हणे. त्याच्या आडनावातली अक्षरं आणि बायको एलिझाबेथचं 'ई' मिळून फेरोडो हे नाव झालं. आजही ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या तोंडी ते नाव असतं. नातीला हे माहीत नव्हतं. मला बरं वाटलं.

नवे पॅड मिस्त्रीने भाऊबीजेनंतर बसवले. पण ते बसवून लगेच चालत नाही, त्यांना आधी डिस्कवर 'बसू' द्यावं लागतं. पहाटे साडेपाचला मी तिच्याबरोबर गाडीत बसले. मुलाला सांगितलं, फिरायला जातो. रस्ता रिकामा होता. ताशी ६० पर्यंत जायचं, मध्यम जोराने ब्रेक लावून १० पर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं दहा वेळा. मी वहीत रेघा मारत होते. आठवी रेघ मारली आणि गाडीत जळका वास आला.

नात म्हणाली, "घाबरू नको, नव्या पॅडला येतोच." मी घाबरले नव्हते. तो वास मी आधी ऐकला होता. हो, ऐकला होता असंच म्हणते, कारण तो मी कधी घेतला नव्हता.

माझा थोरला भाऊ, अण्णा, ट्रकवर ड्रायव्हर होता. मी शिकले ती त्याच्या पगारावर. मराठवाडा विद्यापीठाची बी.ए.ची फी त्याने भरली. १९८४ च्या हिवाळ्यात तुळजापूरहून सोलापूरकडे हरभऱ्याची पोती घेऊन घाट उतरताना त्याचा ट्रक कठडा तोडून खाली गेला. अण्णा जागीच गेला. क्लिनर पोरगा वाचला. ट्रकमालकाने सगळ्यांना सांगितलं, ड्रायव्हर बेफाम चालवत होता. पोलिसांच्या कागदावरही तसंच आलं. वहिनीला मालकाकडून काही मिळालं नाही. आणि खरं सांगते, मलाही वाटत आलं की अण्णाने जोरात चालवली असेल. त्याला घरी यायची घाई असायची. चाळीस वर्षं मी मनातून त्याच्यावर रागावलेली होते.

क्लिनर पोरगा दवाखान्यात मला एवढंच म्हणाला होता, "बाई, अण्णा दोन्ही पायांनी दाबत व्हते. पेंडल दगडावानी टणक. खाली जाईना, अन् गाडी बी धरीना. लई जळका वास येत व्हता." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोर घाबरलेलं आहे, काहीबाही बोलतंय, असं वाटलं.

हे सगळं मी त्या पहाटे गाडीत नातीला सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली, पण हँडब्रेक ओढला नाही. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटून राहू शकतो म्हणे. गिअरमध्ये ठेवून ती बराच वेळ गप्प बसली.

मग तिने विचारलं, "गिअरमध्ये उतरत होते की न्यूट्रलमध्ये?" मला ठाऊक होतं. डिझेल वाचवायला मालक सगळ्या ड्रायव्हरांना घाटात न्यूट्रल करायला लावायचा. अण्णा त्यावर चिडायचा. चढताना जो गिअर, तोच उतरताना, असं तो नेहमी म्हणायचा. पण नोकरी त्याची होती आणि हिशेब मालकाचा होता.

नातीने वहीत हिशेब मांडला. बारा टनांची गाडी असेल आणि जादा मालामुळे पंधरा टनांवर गेली असेल, तर दर १० मीटर खाली उतरताना साडेचार लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. गिअरमध्ये असतं तर तिच्यातला मोठा वाटा इंजिनाने घेतला असता. न्यूट्रलमध्ये सगळी ब्रेकवर. त्यात ते ड्रम. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो. डिस्क तापली तर निदान पॅडकडे सरकते. "आज्जी, टणक पॅडल आणि जळका वास. हे लायनर जळाल्याचं लक्षण आहे. इंजिन बंद ठेवलं असेल तर मदतीचा जोर जाऊनही पॅडल टणक होतं. पण मग वास कशाला आला असता? पक्कं मला सांगता येणार नाही. पण ते जोरात चालवत होते म्हणून ब्रेक गेले नाहीत. ब्रेक गेले म्हणून गाडी जोरात गेली."

मी काही बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत वाफ यायची ती मोतीबिंदूमुळे. त्या दिवशीची वेगळी होती.

परत आल्यावर मी तिला दोन अटी घातल्या. एक, मागच्या वेळचं मऊ पॅडल तिने स्वतः बापाला सांगायचं. दोन, दर तीन फेऱ्यांनी एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश मारायची, आणि पॅडल जरासं वेगळं लागलं तर लगेच बाहेर यायचं. तिने त्याच संध्याकाळी बापाला सांगितलं. तो आधी ओरडला, मग गप्प झाला, आणि रात्री जेवताना विचारलं, "तेल बदललं ना?" त्याचा होकार तेवढाच.

डिसेंबरमध्ये ती जाऊन आली. दुपारी फोन आला. "आज्जी, शेवटच्या फेरीतही पॅडल पहिल्यासारखंच होतं." मी तोवर देवासमोरच बसून होते, हे तिला सांगितलं नाही. इथे सांगते.

मग मी एक काम केलं. वहिनी गावीच असते, ऐंशी पार केली आहे, कमी ऐकू येतं. मी एसटीने गेले. तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. न्यूट्रल, जादा माल, जळका वास, टणक पॅडल. तिला पॅड-लायनर काय कळणार, असं वाटलं होतं. ती शेंगा फोडत होती, ती फोडतच राहिली. मग म्हणाली, "मला ठावंच व्हतं. ते जोरात चालवीत नव्हते. माझ्या बापाच्या घरी न्यायचे तवा गाडी अशी चालवायचे, की मांडीवरचं पोर उठायचं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "पण बरं झालं, कुणीतरी म्हणालं."

चाळीस वर्षांत आमच्यापैकी कुणीही हे तिला म्हटलं नव्हतं. मीही नाही. शिकलेली मी होते.

निघताना तिने शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाली, "पोरीला सांग, घाटात न्यूट्रल करू नको म्हणावं."

सांगितलं. तुम्हालाही सांगते. घरी गाडी असेल तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते एकदा बघा. साधारण दोन वर्षांनी बदलावं. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा. आणि घाटात जळका वास आला तर पुढच्या वळणापर्यंत वाट बघू नका. जागा मिळेल तिथे थांबा, ब्रेक गार होऊ द्या, चहा घ्या.

असो. डोळा दुखायला लागला. आता थांबते.